तारेभोवतीची प्रदक्षिणा

ओढ म्हटली की ती सरळ रेषेत असावयाची, हा आपला पिढ्यानपिढ्यांचा अनुभव. फळ देठापासून सुटले की थेट जमिनीकडे येते. विहिरीतला पोहरा दोराच्या वाटेनेच वर चढतो. लोहचुंबकाकडे टाचणी धावते तीही आडवळण न घेता. माणसांच्या व्यवहारातही आपण हेच गृहीत धरतो. ज्याचा ओढा ज्याच्याकडे, तो त्याच्याजवळ जाणार, नाही तर बिनसल्यावर दूर होणार. जवळ येणे आणि दूर जाणे यांखेरीज तिसरी काही तऱ्हा असू शकेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

ही तिसरी तऱ्हा मला भेटली ती एका साध्या तांब्याच्या तारेपाशी. तारेतून वीज वाहू लागते आणि तिच्याखाली ठेवलेली चुंबकसूची हलते. पण ती तारेकडे झेपावत नाही, की तारेपासून पळत नाही. ती तारेला आडवी होऊ पाहते. हैदराबादेतील एका महाविद्यालयात पस्तीस वर्षे मी हा प्रयोग विद्यार्थ्यांना दाखवीत आलो. प्रयोग पाच मिनिटांचा, त्याचा निकालही मला आधीच ठाऊक असलेला. तथापि कळ दाबण्यापूर्वी माझा श्वास क्षणभर थांबावयाचा, तो निवृत्तीच्या वर्षापर्यंत तसाच थांबत राहिला.

हा आडवेपणा प्रथम ओळखला तो डेन्मार्कमधील हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड याने. हा १७७७ साली लांगेलान नावाच्या बेटावर, एका औषधविक्याच्या घरी जन्मला आणि पुढे कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक झाला. व्होल्टाने आपला विद्युत्‌घट १८०० साली जगापुढे ठेवला होता, त्यामुळे अखंड वाहणारी वीज विद्वानांच्या हाती येऊन वीस वर्षे लोटली होती. चुंबकसूची तर शतकानुशतके नावाड्यांच्या जवळ होतीच. वीज कडाडून पडली की कधी कधी जहाजावरील होकायंत्र बिघडते, हेही लोक जाणून होते. म्हणजे तार होती, घट होता, सूची होती, संशयसुद्धा होता. उणीव होती ती एवढीच की, ओढ सरळच असणार ही समजूत कोणी बाजूस ठेवली नव्हती.

१८२० सालच्या वसंतात एका व्याख्यानाच्या वेळी ओर्स्टेडने तार चुंबकसूचीजवळ नेऊन प्रवाह सुरू केला. सूची हलली, पण इतकी थोडी आणि इतकी अनिश्चित, की श्रोत्यांच्या मनावर त्याचा विशेष ठसा उमटला नाही. सूचीवर काचेचे झाकण होते, घटही दुबळा होता. खुद्द ओर्स्टेडनेही पुढे तीन महिने हा प्रश्न बाजूस ठेवला. जुलैमध्ये मात्र त्याने मोठा घट जुळविला आणि पद्धतशीर पाहावयास आरंभ केला. तार कशाची असावी? त्याने प्लॅटिनम घेतले, सोने, रुपे, पितळ, लोखंड घेतले, शिसे व कथील यांच्या पट्ट्या घेतल्या, पाराही घेतला. प्रभाव प्रत्येक वेळी दिसला. तार आणि सूची यांच्यामध्ये काच ठेवली, लाकूड ठेवले, धातू ठेवला, पाणी व राळ ठेवली. प्रभाव थांबला नाही. सूची पितळेची किंवा काचेची घेतली, तेव्हा मात्र ती स्वस्थ राहिली.

सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण याहून साधे होते. तार दक्षिणोत्तर धरून सूचीच्या वर ठेवली आणि प्रवाह उत्तरेकडे जाऊ दिला, की सूचीचे उत्तर टोक पश्चिमेकडे वळते. तीच तार, तोच प्रवाह, पण तार सूचीच्या खाली ठेवली की तेच टोक पूर्वेकडे वळते. आता एखाद्या खांबाच्या अलीकडून एक मनुष्य पूर्वेकडे जाताना दिसावा आणि थोड्या वेळाने तोच खांबाच्या पलीकडून पश्चिमेकडे जाताना दिसावा, तर तो काय करीत आहे असे आपण म्हणू? तो खांबाला फेऱ्या घालीत आहे, असेच म्हणू. ओर्स्टेडनेही तेच म्हटले. विजेचा हा प्रभाव तारेत कोंडलेला नसतो, तो सभोवारच्या अवकाशात पसरतो आणि तेथे तारेभोवती वर्तुळे घेत असतो, हा त्याचा निष्कर्ष. २१ जुलै १८२० रोजी चार पानांच्या एका लॅटिन पत्रकात त्याने हे छापले आणि युरोपातल्या विद्वानांकडे पाठवून दिले.

पुढचे तीन महिने पदार्थविज्ञानाच्या इतिहासात विलक्षण धावपळीचे गेले. सप्टेंबरच्या आरंभी आरागोने ही वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीला सांगितली आणि ११ तारखेला प्रयोग करून दाखविला. आठवड्याच्या आत आम्पेअर तेथे उभा राहून, प्रवाह वाहणाऱ्या दोन तारा एकमेकींवरही बल गाजवितात, असे सांगू लागला. ऑक्टोबर संपण्यापूर्वी बिओ आणि साव्हार यांनी मोजमापही सांगितले. लांब सरळ तारेपासून अंतर दुप्पट केले की प्रभाव निम्मा होतो, तिप्पट केले की तृतीयांश. दिव्याच्या उजेडाप्रमाणे तो अंतराच्या वर्गाने घटत नाही, त्याहून सावकाश ओसरतो. आजच्या मापात सांगावयाचे तर तारेतून दोन अँपिअर प्रवाह जात असला, तर तारेपासून एक सेंटिमीटरवर त्याचा चुंबकीय प्रभाव सुमारे ४० मायक्रोटेस्ला भरतो. आमच्या हैदराबादेत पृथ्वीच्या चुंबकत्वाचा क्षितिजसमांतर भागही जवळजवळ तेवढाच आहे. त्यामुळे तार सूचीच्या वर एक सेंटिमीटरवर दक्षिणोत्तर धरली, तर सूची ना पृथ्वीचे ऐकते ना तारेचे. ती दोघींच्या बरोबर मध्ये, पंचेचाळीस अंशांवर जाऊन उभी राहते. एवढ्या प्रचंड पृथ्वीच्या तोलाला हातभर तांब्याची तार पुरी पडते, ही गोष्ट वर्गात सांगताना मला नेहमी मौज वाटे.

ओर्स्टेडविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्यासारख्या परप्रांतात मराठी जपणाऱ्यांच्या जिव्हाळ्याची आहे. हा मनुष्य शब्द घडविणारा होता. ऑक्सिजनला ‘इल्ट’ आणि हायड्रोजनला ‘ब्रिंट’ हे डॅनिश शब्द त्याने दिले. एकाच्या मुळाशी अग्नी आहे, दुसऱ्याच्या मुळाशी जळणे. डॅनिश मुले आजही शाळेत हेच शब्द शिकतात. जगाने वाचावे म्हणून शोध लॅटिनमध्ये लिहावयाचा आणि आपल्या लहानशा देशातील मुलांना कळावे म्हणून त्यांच्या बोलीतून शब्द काढावयाचा, या दोन्ही गोष्टी त्याने केल्या. एक करताना दुसरी कमी दर्जाची आहे, असे त्याला वाटले नाही.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, नांदेडकडचे. त्या काळी नांदेड निजामाच्या राज्यात होते. उच्च शिक्षणासाठी ते हैदराबादला आले आणि उस्मानिया विद्यापीठात त्यांनी पदार्थविज्ञान शिकले ते उर्दूतून. १९१८ साली निघालेल्या या विद्यापीठाने सर्व शास्त्रे उर्दूत शिकविण्याचे ठरविले होते आणि ग्रंथ तयार करण्यासाठी एक स्वतंत्र भाषांतरविभाग त्याच्याही आधी उघडला होता. आज या प्रयोगाकडे कोणी कोणत्याही दृष्टीने पाहो. पण हिंदुस्थानी भाषेत विद्यापीठाच्या शेवटच्या पायरीपर्यंत विज्ञान शिकविता येते, हे तेथे प्रत्यक्ष करून दाखविले गेले. अण्णांच्या तोंडी विद्युत्प्रवाह म्हणजे ‘बर्की रौ’ आणि चुंबकीय क्षेत्र म्हणजे ‘मकनातीसी मैदान’. घरी ते आम्हांला शुद्ध मराठीत समजावीत, पण संज्ञा आली की ती उर्दूच असावयाची. ‘बाळ, तारेभोवती मकनातीसी मैदान तयार होतं,’ हे वाक्य मी लहानपणी ऐकले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गल्लीमागचे क्रिकेटचे मैदान उभे राहिले.

१९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले आणि शाळा-महाविद्यालयांचेही वारे फिरले. अण्णा तेव्हा तिशीत होते. रात्रंदिवस घोकून आत्मसात केलेली त्यांची सारी परिभाषा पाहता पाहता बाजारातून उठलेल्या नाण्यासारखी झाली. त्यांनी तक्रार केलेली मला आठवत नाही. इंग्रजी ग्रंथ आणून ते पुनः पहिल्या प्रकरणापासून वाचू लागले, एवढे आई सांगत असे. मात्र त्यानंतर त्यांच्या शिकविण्याला एक नवीनच वळण लागले. वर्गात गेले की ते प्रथम फळ्यावर आकृती काढीत, ती मुलांना पुरेशी पाहू देत आणि शब्द शेवटी सांगत. शब्द बदलतील, आकृती बदलणार नाही, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

मी शिकलो ती शाळा मराठी होती. तेथे मला ‘चुंबकीय क्षेत्र’ मिळाले. पुढे महाविद्यालयात ‘मॅग्नेटिक फील्ड’ आले. वस्तुतः या कल्पनेला हे नाव ओर्स्टेडने दिलेले नाही. ते फॅरडेने १८४५ साली वापरले आणि त्यावरूनच मैदान व क्षेत्र हे दोन्ही शब्द आपल्याकडे आले. परंतु भाषांतर करणाऱ्याने हेतू न धरताही शब्द आपल्याबरोबर स्वतःचे गोत घेऊन येतो. मैदानात मोकळेपणा आहे. क्षेत्र म्हटले की शेत आठवते, कुरुक्षेत्र आठवते आणि पंढरपूर-त्र्यंबकेश्वरही आठवते. क्षेत्राला गेले की मनुष्य प्रदक्षिणा घालतो. तारेभोवतीचा प्रभावही प्रदक्षिणाच घालतो.

हे साम्य मी विद्यार्थ्यांना सांगत असे आणि त्यातील बारकावाही दाखवीत असे. देव उजव्या हाताला ठेवून फिरावयाचे, हा प्रदक्षिणेचा नियम. वरून पाहिले तर ती घड्याळाच्या काट्याप्रमाणे होते. तार उभी धरली आणि प्रवाह वरून खाली सोडला, तर चुंबकरेषाही वरून पाहता अशाच, घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात. प्रवाह खालून वर नेला की फेरी उलटी. शंकराच्या देवळात सोमसूत्र ओलांडावयाचे नसते, म्हणून तेथील प्रदक्षिणा अर्धी असते आणि भाविक आल्या वाटेने परत फिरतो. चुंबकरेषेला मात्र अशी मुभा नाही. ती कोठे उगम पावत नाही, कोठे संपत नाही; फेरी पुरी केल्यावाचून तिची सुटका नाही. विजेचे धन आणि ऋण प्रभार वेगळे काढता येतात, चुंबकाचे उत्तर टोक मात्र दक्षिण टोकापासून तोडून वेगळे ठेवता आलेले नाही, या मोठ्या सिद्धांताचे बीज या न तुटणाऱ्या वर्तुळात आहे.

ही वर्तुळे डोळ्यांना दिसत नसली, तरी त्यांच्यापायी एक संपूर्ण वेधशाळा समुद्रापलीकडे न्यावी लागली आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार, असे ठरले. ट्रामच्या तारेतून जाणारा प्रवाह रुळांतून आणि काही अंशी जमिनीतून परत फिरणार, त्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहणार आणि पृथ्वीचे सूक्ष्म हेलकावे टिपणाऱ्या सूचीला ट्रामचीच चाहूल लागत राहणार. वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी हे वेळीच ओळखले आणि अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा उभारून घेतली. १९०४ पासून दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुन्या मालिकेला नवी मालिका नीट सांधता यावी. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ साली. पुढे १९६४ मध्ये ट्रामही गेली. अलिबागची नोंद मात्र आजही चालू आहे. अण्णांना ही हकीकत फार प्रिय होती. जागा सोडावी लागली तरी मोजणीत खंड पडू दिला नाही, याचे त्यांना कौतुक. ते हे सांगत तेव्हा त्यांच्या मनात केवळ मूस असत असे मला वाटत नाही.

१९९१ साली अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ज्या उजव्या हाताने त्यांनी चाळीस वर्षे फळ्यावर वर्तुळे काढली, जो हात मुठीसारखा मिटून आणि अंगठा उभा करून हजारो मुलांना नियम शिकविला, तो पांघरुणावर निश्चल पडून राहिला. अंगठा प्रवाहाच्या दिशेने धरावा, म्हणजे मिटलेली बोटे क्षेत्राची दिशा दाखवितात, हा तो उजव्या हाताचा नियम. आता शब्द नव्हते आणि हातही नव्हता.

एके दिवशी त्यांचे एक जुने विद्यार्थी भेटावयास आले. विद्युत्‌खात्यात मोठ्या जागेवर काम करून ते निवृत्त झाले होते. काय बोलावे हे न सुचून त्यांनी आपला उजवा अंगठा उभा धरला आणि म्हणाले, ‘सर, सगळं विसरलो, एवढं मात्र विसरलो नाही.’ अण्णांनी त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांचा डावा हात हळूहळू वर आला. मूठ मिटली, अंगठा उभा राहिला. डाव्या हाताने दिशा उलटी येते हे कोणीही सांगेल. त्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आले. सरांची आता हाताचीही ओळख गेली असे त्यांना वाटले असावे. त्यांनी अण्णांचा हात हलकेच धरून खाली ठेवू पाहिला. अण्णांनी तो सोडविला, मान हलविली आणि उशाशी ठेवलेल्या पाटीकडे बोट केले. मी पाटी समोर धरली. डाव्या हाताने, वाकड्या अक्षरात लिहावे तशी, त्यांनी एकच लहानशी आडवी रेघ ओढली.

ती वजाबाकीची खूण होती. अठराव्या शतकात फ्रँकलिनने विजेला धन आणि ऋण अशी नावे दिली, तेव्हा तारेतून खरोखर काय वाहते हे ठाऊक असण्याचा संभव नव्हता. प्रवाह धनाकडून ऋणाकडे जातो असे मानण्याचा प्रघात पडला. १८९७ साली टॉमसनने इलेक्ट्रॉन शोधून काढला आणि कळून आले की तारेत सरकतात ते ऋण प्रभाराचे कण, तेही आपण मानतो त्याच्या उलट दिशेने. सर्व जगाने जुना प्रघात तसाच ठेवला, कारण हिशेबात त्याने काही बिघडत नाही. परंतु ज्याला प्रघात सोडून खुद्द त्या कणांच्या दिशेने अंगठा धरावयाचा आहे, त्याने डावाच हात वापरला पाहिजे. मग बोटे अचूक तीच दिशा दाखवितात. उजव्या हाताने मानलेला प्रवाह आणि डाव्या हाताने खरा कण.

पाहुण्यांच्या ध्यानात आले तेव्हा ते मोठ्याने हसले आणि लगेच त्यांनी रुमाल डोळ्यांशी नेला. अण्णांच्या चेहऱ्याची अर्धीच बाजू हसू शकत होती; ती हसली. त्यानंतर ते सात महिने जगले.

ज्यांना हे सारे स्वतः पाहावयाचे असेल त्यांना फार साहित्य लागत नाही. एक लहान होकायंत्र, विजेरीतला एक सेल आणि हातभर तांब्याची तार पुरे. घरातल्या भिंतीतील तारेशी जाऊ नये. तेथील प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने करतो आणि कोणत्या बाजूस वळावे हे ठरविण्यास सूचीला अवधीच मिळत नाही, शिवाय ते धोक्याचेही आहे. होकायंत्रावर तार दक्षिणोत्तर धरावी आणि तिची टोके सेलला क्षणभरच टेकवावीत, कारण तार लगेच तापते. त्या क्षणात तारेतले कण किती अंतर जातात म्हणाल, तर घरच्या दिव्याच्या तारेत ते सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढेही सरकत नाहीत, आणि या प्रयोगातही त्यांची चाल गोगलगाईच्या पुढे जात नाही. असे कण अगणित असतात, म्हणूनच सूची वळते. टोक सोडले की ती थोडी डुलते आणि पुन्हा उत्तरेकडे तोंड करते. काही घडले होते याची कसलीही खूण तारेवर उरत नाही. कण तारेत तितकेच असतात. त्यांचे वाहणे तेवढे थांबलेले असते.

अण्णांची विद्यार्थिदशेतील एक वही माझ्याजवळ आहे. मला उर्दू बोलता येते, पण त्यांचे घाईचे हस्ताक्षर फारसे लागत नाही. एका पानावर दोन आकृत्या आहेत. एकीच्या मध्यभागी ठिपका आहे, म्हणजे प्रवाह पाहणाऱ्याकडे येत आहे, बाणाचे टोक समोर दिसावे तसा. दुसरीच्या मध्यभागी फुली आहे, म्हणजे प्रवाह दूर जात आहे आणि बाणाची पिसे दिसत आहेत. दोहोंभोवती वर्तुळे, वर्तुळांवर बाण. गेल्या वर्षी माझा नातू दहावीला होता. त्याची शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी तो घरी बोलतो, वाचताना अडखळतो आणि उर्दू लिपी त्याला मुळीच येत नाही. वही त्याच्या हाती पडली तेव्हा त्याने खालची अक्षरे सोडून दिली आणि अंगठा उभा करून दोन्ही आकृत्या पडताळून पाहिल्या.

‘आजोबा,’ तो म्हणाला, ‘पणजोबांचे बाण दोन्हीकडे बरोबर आहेत.’